वस्तीच्या दोन खेपा

सांगली,
१२ मार्च १९९४

प्रिय आमू,

तुझं जानेवारीतलं पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे. उत्तराला दोन महिने लावले म्हणून रागावू नकोस. आधी कामाचं लिहिते, म्हणजे मन मोकळं होईल.

एप्रिलच्या शेवटी संस्थेतर्फे तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. खटाव तालुक्यातल्या बारा गावांची महिला मंडळं, तरुण मंडळं, पाणी समित्या, दूध संस्था. एकूण साठ माणसं. नाव लांबलचक आहे, ‘शाश्वत ग्रामविकास आणि स्थानिक संस्थांचे स्वावलंबन’. म्हणजे बाहेरची माणसं नसली तरी उभं केलेलं काम कसं टिकवायचं, एवढंच. संचालकांना ती वडूजलाच उरकायची होती. मीच म्हटलं, चिंचमाळला घेऊ. संस्थेनं खोदलेली विहीर तिथे आहे आणि संस्थेची सगळ्यात चांगली कार्यकर्ती तिथे आहे. ते हसले आणि हो म्हणाले.

तुझी हरकत नाही ना? शाळा मिळेल का, जेवण कोण करील, कळव.

आमचे दादा म्हणतात, आता पुरे झाली गावं, हळदीच्या पेढीवर बस. मी ऐकून घेते आणि सकाळी ऑफिसला निघते. कराडच्या वसतिगृहात नळाला फडकं बांधून पाणी गाळायचे म्हणून तू मला चिडवायचीस, ते दिवस बरे होते असं हल्ली फार वाटतं.

तुझी,
राजमती

चिंचमाळ,
१९ मार्च १९९४

राजी,
सप्रेम जय भीम.

हरकत? अगं, पत्र वाचलं आणि चुलीवरची भाकरी करपली. मी आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “शाश्वत म्हंजी काय गं?” मी म्हटलं, टिकणारं. तर म्हणतात, “मग टिकनारं म्हन की. आमाला काय कळत न्हाई व्हय?”

आता खरं सांगते. संस्थेची विहीर ओढ्याकाठी हरिबा अण्णांच्या रानात आहे, तुला माहीत आहे. खोदताना अर्धं श्रमदान आमच्या वस्तीनं केलं. तेव्हा तोंडी ठरलं होतं की गाव आणि वस्ती दोघांनी पाणी घ्यायचं. अण्णा पाणी समितीचे अध्यक्ष झाले आणि जानेवारीपासून मोटारीच्या खोलीला आणि विहिरीच्या फाटकाला कुलूप लागलं. विहिरीत पाणी कमी आहे, गावालाच पुरत नाही, असं म्हणतात. आमच्या बावीस घरांना टँकर. एक दिवस गावाची खेप, एक दिवस वस्तीची. टँकर चुकला की घळीतली जुनी बारव, तिच्या पायऱ्या ढासळलेल्या.

म्हणून ही कार्यशाळा मला हवी आहे. बारा गावांसमोर, तिसऱ्या दिवशी, विहिरीत वस्तीचा वाटा आहे हे कागदावर यायला हवं. बंद खोलीत अण्णा नाही म्हणतील. साठ माणसांसमोर म्हणणार नाहीत.

प्रबुद्ध जोधपूरलाच आहे. पलटणीत सुट्टी दिवाळीशिवाय नाही. घरात आम्ही तिघंच, सून मी आणि सासूसासरे, आत्या-मामा.

तुझी,
आमू

सांगली,
२ एप्रिल १९९४

प्रिय आमू,

तारखा पक्क्या झाल्या, २५, २६, २७ एप्रिल. पुण्याहून दोन पाहुणे येणार आहेत. समारोपाच्या ठरावाचा मसुदा माझ्याकडेच आहे. त्यात वस्तीच्या वाट्याच्या दोन ओळी मी आजच घातल्या.

एक गोष्ट मनात टोचते आहे. साठ माणसं, तीन दिवस, ऐन उन्हाळ्यात. पिण्याचं, स्वयंपाकाचं, हातपाय धुण्याचं पाणी कुठून आणणार? अडचण असेल तर स्पष्ट लिही. अजूनही वडूजला हलवता येईल.

भूकंपानंतर आमचे निम्मे लोक किल्लारीकडे आहेत, त्यामुळे ऑफिसात मी एकटीच धावते. कार्यशाळेनंतर काय, ते वर अजून ठरतंय. आत्ता विचारू नकोस.

राजमती

चिंचमाळ,
११ एप्रिल १९९४

राजी,

पाण्याची काळजी करू नकोस. सोय झाली आहे.

शाळेच्या तीन खोल्या मिळाल्या. ज्ञानू आचारी गावातलाच आहे. वस्तीतल्या पोरींनी फलक रंगवायला घेतले आहेत. चौदाला जयंती, ती झाली की सगळे याच कामाला.

पुढचं ठरतंय म्हणजे दुसरा टप्पाच ना? तू बोलणार नाहीस, मला माहीत आहे. पण मी वस्तीत सांगून टाकलं की संस्था आणखी तीन वर्षं राहणार. लोकांच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला म्हणून सांगू!

वडूजला हलवायचं नावसुद्धा काढू नकोस.

आमू

सांगली,
३० एप्रिल १९९४

प्रिय आमू,

निघताना तुझी भेट झाली नाही. जीप दोनला सुटली. मी खिडकीतून शोधत होते, पण तू दिसली नाहीस.

कार्यशाळा फार चांगली झाली. पुण्याचे पाहुणे वाटेत तेच बोलत होते. मांडव्याच्या बाईंनी गावठी बियाण्यांची मांडणी केली, दूध संस्थेच्या बाळासोंनी आपल्या चुका सगळ्यांसमोर सांगितल्या. इतकं खरं बोलणं मी कुठल्या सभेत ऐकलं नव्हतं.

समारोपात संचालकांनी जे जाहीर केलं, केंद्र मेअखेर बंद आणि विहीर, मोटार, पाइप सगळं पाणी समितीच्या ताब्यात, ते मलाही ऐनवेळीच कळलं. हरिबा अण्णांना नारळ देत होते तेव्हा तुझ्याकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. ठरावातल्या माझ्या दोन ओळीही त्यांनी वाचताना गाळल्या. मी बोलणार आहे त्यांच्याशी.

रागावली असशील. रागाचं का होईना, पत्र लिही.

तुझी,
राजमती

सांगली,
१२ मे १९९४

आमू,

बारा दिवस झाले. वडूजच्या केंद्रात फोन केला, तर म्हणाले, बाई रजेवर आहेत. कसली रजा? तू तर तापातसुद्धा रजा घेत नाहीस. दोन ओळी लिही. कार्ड चालेल.

राजमती

सातारा,
१६ मे १९९४

राजमती,

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. आत्या आत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. वीस दिवस पायाला वजन बांधून पडल्या आहेत. पाठीला जखमा झाल्या आहेत आणि कालपासून ताप उतरत नाही.

तू विचारलं होतंस पाणी कुठून आणणार. आता सांगते. मी अण्णांकडे गेले होते. त्यांनी ओसरीवरूनच सांगितलं, “कार्यशाळा घ्या की, नगं कोन म्हनतंय? पर गावाच्या खेपंला हात लागायचा न्हाई. साठ मानसं तुमी बोलावलीया, पानी तुमच्या वाट्यातनं घ्या.”

मी वस्तीच्या दोन खेपा दिल्या. रविवारची आणि मंगळवारची. शुक्रवारी भरलेलं पाणी लोकांनी गुरुवारपर्यंत पुरवायचं होतं. मी घरोघर फिरून पटवलं. म्हटलं, दोनच खेपा, मग विहिरीत आपला वाटा कायमचा लिहून मिळणार आहे. मामा एकटे म्हणाले, “पोरी, आदी लिहून घे, मग पानी दे.” मी त्यांना म्हटलं, तुमचा कुणावरच विश्वास नाही.

तिसऱ्या दिवशी घरात पाणी उरलं नव्हतं. आत्या बारवेवर गेल्या आणि ढासळलेल्या पायरीवरून खाली आल्या. शाळेत भाषणं चालली होती. दोन तास त्या तिथे पडून होत्या. आमच्या शेजारचे जोतीराम शेरडं घेऊन गेले तेव्हा त्यांना कण्हणं ऐकू आलं. मी पोचले तेव्हा तुमची जीप नुकतीच गेली होती. खाटेवर घालून बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणलं, तिथून एसटीनं वडूज, तिथून सातारा.

गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, “तुजी पावनी पोटभर जेवली का गं?”

केंद्र बंद होणार हे तुला ऐनवेळी कळलं म्हणतेस. तसं असेल तर तुझ्यावर माझा राग नाही.

आम्रपाली

सांगली,
२० मे १९९४

आमू,

तसं नाही.

मला डिसेंबरपासून माहीत होतं. किल्लारीला माणसं आणि गाड्या हव्या होत्या, म्हणून खटावचं केंद्र बंद करायचं ठरलं. तिकडची गरज खोटी नव्हती. मीही त्या बैठकीत मान हलवली. कार्यशाळा ही जाण्याआधीची शेवटची पायरी होती. अहवालात ‘स्थानिक संस्थांकडे जबाबदारी सोपवली’ असं लिहिता यावं म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू कार्यशाळा घेतली नसतीस. न घेता तुमच्या हाती काहीच आलं नसतं, घेतली तर निदान त्या दोन ओळी येतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि तुझं ‘दुसरा टप्पा’ वाचून गप्प बसले. ते गप्प बसणं सगळ्यात वाईट.

याहून वाईट एक आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, तो हजेरीचा कागद होता. संचालकांनी तोच ठरावाच्या पाठीमागे लावायला सांगितला, ‘सर्व उपस्थितांची संमती’ म्हणून. मी लावला. माझ्या हातानं टाचणी मारली. वडूजच्या पंचायत समितीत आज जो कागद आहे, त्यात विहीर हरिबांच्या समितीला द्यायला तुझी सही आहे. तुझ्या सासूबाईंचा, पारूबाईंचा अंगठाही आहे. पहिल्या सत्राला त्या येऊन बसल्या होत्या, आठवतं?

मी साताऱ्याला येऊ का?

राजमती

सातारा,
२४ मे १९९४

येऊ नकोस.

आत्यांना अंगठा कशाला देतो हे नेहमी विचारायची सवय होती. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, द्या आत्या, आपल्याच माणसांचा कागद आहे.

आम्रपाली

सांगली,
३ जून १९९४

आमू,

तू वाचशील की चुलीत टाकशील, ठाऊक नाही. तरी लिहिते.

मी हजेरीचे मूळ कागद ऑफिसातून काढले. वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात ‘उपस्थिती, दिवस तिसरा’ असं आहे. ठरावाला लावताना तेवढा भाग दुमडून झेरॉक्स काढली होती. मी सोमवारी वडूजला गेले आणि गटविकास अधिकाऱ्यांना तो कागद दाखवला. सोबत माझं निवेदन दिलं, की ही संमती नाही, ही हजेरी आहे, आणि ती चुकीच्या ठिकाणी जोडणारी मी आहे. ते बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय लिहून देताय?” मी म्हटलं, कळतंय.

पोच घेतली आहे, तिची नक्कल सोबत आहे. वस्तीतल्या सह्या करणाऱ्यांनी आपापले अर्ज दिले तर ठराव थांबेल, असं ते म्हणाले. लवकर द्या.

ऑफिसात आल्यावर संचालकांनी दारातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मीही राजीनामा पिशवीतच घेऊन गेले होते. आता घरी आहे. दादांनी पेढीवर माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली आहे, तिच्याकडे बघवत नाही.

पारूबाई कशा आहेत? त्यांच्या पायाला, त्यांच्या प्रत्येक कण्हण्याला मी जबाबदार आहे. हे कुणाला सांगायचं असेल तर माझं नाव घेऊन सांग.

राजमती

चिंचमाळ,
१९ जून १९९४

राजी,

आत्या आठ तारखेला गेल्या. पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप डोक्यात गेला. शेवटचे दोन दिवस त्या ओळख देत नव्हत्या. प्रबुद्धला तार केली, तो चौथ्या दिवशी पोचला. शुक्रवारी जलदान विधी झाला. सगळी वस्ती होती. गावातले नाथाजी आणि ज्ञानू आचारी आले. हरिबा अण्णा आले नाहीत, त्यांच्या मालकीण मागच्या दारानं येऊन बसल्या आणि रडून गेल्या.

तुझं पत्र चुलीत टाकलं नाही. वस्तीतल्या एकोणीस जणांनी अर्ज दिले. गटविकास अधिकारी बुधवारी स्वतः आले, ठराव थांबवला म्हणाले, कुलूप उघडायला लावलं. सकाळी दोन तास वस्तीनं पाणी ओढायचं, पुढचा निकाल लागेपर्यंत. हे तोंडीच आहे. कागद नाही. अण्णा म्हणाले, “सायेब गेलं की बगू.” आज पाचवा दिवस, अजून उघडं आहे. उद्याचं माहीत नाही. विहिरीत गाळासकट पुरुषभरच पाणी आहे. दोन्हीकडच्या बायका ओढतात तेव्हा पोहरा खरवडतो.

एवढं कळवायला मी पत्र लिहिलं नसतं. तू लिहिलंस, प्रत्येक कण्हण्याला मी जबाबदार. ते वाक्य घेऊन मी दोन आठवडे फिरते आहे. आत्या होत्या तोवर ते मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळं तुझ्यावर टाकता येत होतं. आता येत नाही.

मी तुला साताऱ्याहून लिहिलं की घरात पाणी नव्हतं म्हणून आत्या बारवेवर गेल्या. ते खरं नाही. घरात एक कळशी होती. आम्हा तिघांना गुरुवारपर्यंत ती पुरली असती.

बुधवारी अकराच्या सुमारास ज्ञानू शाळेच्या मागच्या दारी आला. म्हणाला, “ताई, पिंप तळाला गेलं. समारोपाचा चहा हुयाचा न्हाई.” मी आत बघितलं. पुण्याचे पाहुणे, संचालक, तू, बारा गावं. मला वाटलं, आता चहा नाही म्हटलं तर अण्णा सगळ्यांसमोर हसतील, वस्तीला साठ माणसांचं पाणी जमलं नाही म्हणतील, आणि ठराव जाईल. आत्या दाराशीच होत्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, बारवेवरनं दोन हंडे आणता का? त्यांनी ऊन बघितलं. म्हणाल्या, “आनती की. तू आत जा, तुजं बोलनं चुकंल.”

पहिला हंडा त्यांनी आणून दिला. त्याचा चहा झाला. तू प्यालीस, मी प्याले, अण्णा प्याले. दुसऱ्या हंड्याला त्या गेल्या आणि मी त्यांना विसरले. राजी, मी विसरले. व्यासपीठावरून केंद्र बंद झाल्याचं ऐकलं आणि मला माझ्या रागाशिवाय काही दिसेना. दोन तास मी शाळेमागे दगडावर बसून तुला शिव्या देत होते. बारव तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्ञानूला वाटलं, पाणी कुणीतरी आणलं. प्रबुद्ध काल जोधपूरला परत गेला, त्याला सांगायची हिंमत झाली नाही. पण मामा रोज सकाळी आत्यांचं अंथरूण उन्हात घालतात आणि संध्याकाळी घडी करून ठेवतात. आज ते अंथरूण झटकत होते तेव्हा मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

मामांनी घडी पुरी केली. मग म्हणाले, “मला ठावं हाय.”

मी विचारलं, कधीपासून?

“दवाखान्यात दुसऱ्याच दिशी तिनं सांगितलं. म्हनली, पोरीनं चहाला पानी सांगितलं व्हतं, तवा मी गेली. पर हे तिला कवा बोलू नगा. ती आदीच अर्दी झालीया. घरातलं पानी संपलं म्हनून गेली, असंच म्हना.”

राजी, मी जे खोटं तुला लिहिलं, तेच खोटं त्यांनी माझ्यासाठी मामांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात बसून ते कागदावर लिहीत होते आणि त्या आत खाटेवर पडून होत्या.

तू यायचं असेल तर ये. सकाळी ये, विहीर उघडी असते तेव्हा.

आमू